दोन भोकांचा पुठ्ठा

निवडणुकीच्या ड्यूटीचा आदेश आला की बाकीच्या मास्तरांची तोंडं उतरायची. कोणाची कंबर धरायची, कोणाची सासू अचानक सिरियस व्हायची, कोणी तहसीलमध्ये ओळखीचा माणूस शोधत फिरायचं. तुलाराम रामटेके गुरुजी मात्र पांढरा सदरा धुवायला टाकायचे.

"निघाले नवरदेव," बायको, पंचशीला, म्हणायची.

"हस तू. अठरा निवडणुका केल्या मी. एकबी कागद कोनी परत नाही फेकला माहा."

"मंग कागदायशीच लगीन लावाचं होतं. मले काहून आणलं?"

गुरुजी हसायचे आणि पेनात शाई भरायला बसायचे. होय, शाईचं पेन. त्यांचं अक्षर बघायला दुसऱ्या केंद्रावरचे लोक यायचे. सामान परत घेणारा कारकून सगळ्यांवर खेकसायचा आणि गुरुजींची पाकिटं मात्र न उघडता बाजूला ठेवायचा. "रामटेके सरांचं आहे, पाहाचं काम नाही." हे वाक्य त्यांनी घरी येऊन बायकोला किती वेळा सांगितलं असेल, त्याची मोजदाद नाही.

गुरुजींचे वडील मंगरू नाकाडोंगरीकडच्या मँगनीजच्या खाणीत दगड फोडायचे. अंगठेबहाद्दर. पण मतदानाच्या दिवशी दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून जायचे. कागदी मतपत्रिकांच्या काळात एकदा एका मुकादमानं त्यांच्या हातातला ठप्पा धरला. "मंगरू, तुले वाचता येत नाही. दे इकडं, मी मारतो." मंगरू म्हणाले, "वाचता येत नाही, पन हात माहा आहे. सरक." ही गोष्ट गुरुजी प्रत्येक प्रशिक्षणात सांगायचे. सभागृह दर वेळी हसायचं, टाळ्याही पडायच्या. नव्या पोरापोरींना मत म्हणजे काय ते एका मिनिटात कळायचं.

आता ती गोष्ट ते सांगत नाहीत. का सांगत नाहीत, तेच सांगायचं आहे.

*

मागच्या डिसेंबरात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. गुरुजी केंद्राध्यक्ष. केंद्र चिचटोल्याचं. अड्याळपासून आत सहा किलोमीटर, तळ्याच्या पाळीखाली वसलेलं गाव, शाळेच्या दोन खोल्या. धानाची चुरणी-मळणी चालू होती, त्यामुळे हवेत सगळीकडे कोंडा.

प्रशिक्षणातच एकानं हात वर केला होता. "सर, लोकसभेले मशीनच्या बाजूले काचेची पेटी राहते. मत देल्लं की चिठ्ठी दिसते. इथं ते पेटीच नाही. मतदारानं इचारलं, चिठ्ठी कुठं, तं काय सांगाचं?"

प्रशिक्षक घाईत होते. "सांगा, केंद्राध्यक्षावर भरोसा ठेवा."

सभागृह हसलं. गुरुजींनी मात्र ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

चिचटोल्यात एकेका मतदाराला तीन मतं होती. एक सरपंचाचं, आणि दोन वॉर्डातल्या सदस्यांची. त्यातली एक जागा बायांसाठी राखीव. एकाच मशीनवर तीन गट, प्रत्येक गटाच्या शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' म्हणजे नोटा. तिन्ही बटणं दाबल्याशिवाय मशीन वाजत नाही, आणि वाजल्याशिवाय पुढच्या माणसाला आत सोडता येत नाही. एखादा मतदार एकच बटण दाबून निघून गेला तर मशीन तशीच लटकते. अशा वेळी काय करायचं, हे प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. केंद्राध्यक्षानं उमेदवारांच्या प्रतिनिधींना सोबत घेऊन आत जायचं, पुठ्ठ्यानं नावं झाकायची, उरलेल्या गटांत नोटा दाबायचा, आणि दैनंदिनीत नोंद करायची.

गुरुजींनी सकाळीच जुन्या हजेरीपटाचा पुठ्ठा मशीनच्या मापानं कापला. सदस्यांच्या दोन नोटांच्या जागी ब्लेडनं दोन गोल भोकं पाडली. पुठ्ठा ठेवला की बाकी सगळं झाकलेलं, दिसणार फक्त दोन बटणं. चूक होण्याचा सवालच नाही.

"गुरुजी, हे तं पेटंट घ्याची गोष्ट आहे," अनुप म्हणाला. अनुप तहसीलमधला तरुण लिपिक, मशीनचं कंट्रोल युनिट त्याच्यासमोर होतं.

"काम नीट करावं, अनुप. पेटंट कोनी देवो न देवो."

दुपारपर्यंत पाच वेळा मशीन लटकली. पाचही म्हाताऱ्या. आत जायच्या, सरपंचाचं बटण दाबायच्या आणि पदर सावरत बाहेर.

"आजी, अजून दोन राहिले."

"झालं ना बापू. देल्लं म्या."

आणि चालल्या. बोटाला शाई लागलेल्या बाईला दंडाला धरून परत आत कसं न्यायचं?

पाचही वेळा गुरुजींनी दोन्ही प्रतिनिधींना उठवलं. बायांच्या जागेसाठी खरी लढत दोघींत होती. राखी शेंडे, चिन्ह छत्री, आणि सुमनबाई वासनिक, चिन्ह कपबशी. राखीचा प्रतिनिधी इश्वर, सुमनबाईंचा राजकुमार. दोघेही उठायचे, आत डोकवायचे, परत बाकावर. जेवणं झाल्यावर सहाव्यांदा अनुपनं हाक मारली, "गुरुजी, लटकली!" तेव्हा इश्वरनं जागेवरूनच हात जोडले.

"किती उठबस कराची जी? तुमीच जा. तुमच्यावर भरोसा नाही तं कोनावर?"

"हाव ना," राजकुमार म्हणाला, "तुमी काय खोटं करान काय?"

गुरुजींना बरं वाटलं. लपवायचं कशाला, छातीच फुगली. पुठ्ठा इश्वरनं जेवताना तर्रीपोह्याच्या प्लेटीखाली घेतला होता. गुरुजींनी तो उचलला, रुमालानं पुसला आणि आत गेले. भोकांतून दोन बटणं दिसली. दाबली. मशीन वाजली.

"या बुढ्यायले काही समजत नाही," बाहेर येत ते अनुपला म्हणाले.

असं दुपारनंतर सात वेळा झालं.

पावणेपाचला रांग संपली होती. गुरुजी सहज आत गेले. पुठ्ठा मशीनवरच होता. त्यांनी तो उचलला आणि भोकाखालचं बटण कोणाच्या नावासमोर आहे ते त्यांना दिसलं. छत्री. पुन्हा पुठ्ठा ठेवून पाहिला. छत्री. मग फिरवून ठेवला. नोटा.

जेवणानंतर पुठ्ठा उलटा धरला गेला होता, आणि मग सातही वेळा तसाच. वरची बाजू कोणती याची खूण करायची सकाळी त्यांच्या मनात होती. तेवढ्यात प्रतिनिधी आले आणि राहून गेलं. सदस्याच्या दुसऱ्या जागेवरही एका उमेदवाराला ती सात मतं गेली होती, पण तो शंभराच्या वर फरकानं येणार हे गावातल्या पोरालाही माहीत होतं. प्रश्न छत्रीचा होता.

बाहेर इश्वर आणि राजकुमार एकमेकांना तंबाखूचा खर्रा देत होते. पाच पावलं. झोनल अधिकाऱ्याला एक फोन. फार तर काय झालं असतं? आरडाओरडा, पंचनामा, फेरमतदान, नोटीस. आणि सामान परत घेणारा तो कारकून पहिल्यांदा पाकीट उघडून म्हणाला असता, रामटेके सर, तुमच्याकडून?

"गुरुजी," अनुपनं दैनंदिनी पुढे केली, "अर्धवट मतदानाच्या रकान्यात किती लिवू? बारा झाले ना?"

"दे. मी लिहितो."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि त्या सुंदर, उतरत्या अक्षरात लिहिलं : निरंक. काहीच घडलं नाही.

अनुपनं पाहिलं. मग घड्याळ पाहिलं. "निरंक तं निरंक. लवकर घरी जाऊ."

खाली प्रतिनिधींच्या सह्या झाल्या. दोघांनी न वाचता केल्या, गुरुजींचा कागद होता ना. पुठ्ठा गुरुजींनी चार तुकडे करून पिशवीत टाकला आणि अड्याळच्या अलीकडे, मोटारसायकल थांबवून, नालीत.

*

निकाल लागला. राखी २३१, सुमनबाई २२७. नोटा फक्त पाच.

चार मतांनी हरलेली बाई रडते, शिव्या देते, चार दिवसांनी कामाला लागते. सुमनबाई रडली नाही. ती बचत गटाची अध्यक्ष, माणसं मोजायची तिला सवय. तिनं घरोघरी जाऊन विचारलं आणि बारा म्हाताऱ्या सापडल्या, ज्या म्हणत होत्या, आम्ही एकच बटण दाबलं. बारा जणी आणि नोटा पाच. मग सात मतं कुठे गेली? पंधरा दिवसांच्या मुदतीत तिनं भंडाऱ्याच्या कोर्टात याचिका टाकली. तिचे वकील सेलोकर. मुद्दा एकच : केंद्राध्यक्षानं बारा वेळा नोटा दाबला, मशीननं त्यातले सात छत्रीला दिले, आणि कागदी चिठ्ठीच नाही म्हणून हे तपासायला जागा नाही. अशा मशीनवर घेतलेलं मतदान रद्द करा.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. वरठीच्या चहाटपरीवर कारखान्यात जाणारी माणसं सायकल टेकवून बोलायला लागली.

"मशीनमंदी चिप राहते."

"मोबाइलवरून करतात, माह्या साडूनं पाह्यलं आहे."

"चिठ्ठी कायले नाही ठेवत मंग? चोराच्या मनात चांदनं."

गुरुजी वरठीलाच राहायचे. त्याच टपरीवर चहा प्यायचे. ते काहीच बोलायचे नाहीत. त्यांच्या देखत लोक मशीनला शिव्या घालत होते आणि मशीन बिचारी कुठल्याशा गोदामात सीलबंद बसली होती. तिनं प्रत्येक मत बरोबर मोजलं होतं. चिठ्ठी असती तर तिच्यावरही छत्रीच छापून आली असती, हे गुरुजींना कळत होतं. पण मग लोकांनी मशीनला सोडून माणसांकडे पाहिलं असतं. चिठ्ठी नव्हती, म्हणून ते झाकले गेले होते.

एका रविवारी सुमनबाई त्यांच्या दारात उभी राहिली. चाळिशीतली, उन्हानं रापलेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत याचिकेची प्रत.

"जयभीम, गुरुजी. सकाळपासून दोन बसा बदलून आली."

"या, बसा. पंचशीला, चहा ठेव व."

"चहा नको जी. एकच सांगाले आली. तुमाले साक्षीले बोलावलं आहे. आमच्या वकिलानं सांगतलं, विरुद्ध बाजूवाले म्हनून राह्यले का दैनंदिनीत काहीच लिवलं नाही, म्हनजे बुढ्या खोट्या. राजकुमारची त्याच कागदावर सही, त्याचं कोनी ऐकत नाही. म्या म्हनली, गुरुजीयकडून लिवाचं राहून गेलं असन. गडबड राहते. तुमी फक्त इतकं सांगा का तुमी आत गेले, नोटा दाबला. बस."

गुरुजी पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते.

"मशीनमंदी चिठ्ठी नाही," ती म्हणाली. "आता तुमीच माही चिठ्ठी."

चहा आला. तिनं नको नको म्हणत घेतला. गुरुजींनी स्वतः बिस्किटांचा पुडा फोडून पुढे केला. तेवढंच त्यांना सुचलं.

ती गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. पंचशीला तांदूळ निवडत होती. सुपावरचा हात थांबला.

"कोनी पाह्यलं?"

"कोनीच नाही."

"मंग गप राहा. नोकरीचे चार वर्षं राह्यले."

गुरुजींना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचीच इतकी लाज वाटली की ते उठून मागच्या अंगणात गेले आणि उगाच झाडांना पाणी घालत बसले. तासाभरापूर्वीच घातलेलं होतं.

*

साक्षीची तारीख ऑगस्टात लागली. कोर्टाच्या खोलीत दमट वास, छतावर हळू फिरणारा पंखा. सुमनबाई पुढच्या बाकावर. राखी आणि इश्वर दुसऱ्या बाजूला. गुरुजी मागे, धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यात. त्यांच्या आधी रंभाबाईचा पुकारा झाला.

रंभाबाई त्या सात जणींपैकी एक. हातात काठी, नाकात जुनी नथनी, अंगावर इस्त्रीचं लुगडं. कोर्टासाठी शेजारणीकडून इस्त्री करून आणलेलं. सेलोकर वकिलांनी तिच्याकडून वदवून घेतलं : बटण एकच दाबलं, मी बाहेर आले, गुरुजी आत गेले, मग मशीन वाजली. नंतर राखीचे वकील उठले.

"आजी, वय किती तुमचं?"

"तुही आजी असन तेवढं."

लोक हसले. वकीलही हसले. "बरं. काल संध्याकाळी काय जेवलात?"

"भात."

"आणि भाजी?"

"बरबटी… नाही थांब. आंबाडी."

"बरबटी की आंबाडी?"

"आंबाडी. बरबटी परवा होती."

"नक्की?"

रंभाबाई गोंधळली. इतक्या माणसांसमोर भाजीचा जाब तिला कोणी कधी विचारला नव्हता. "आंबाडीच असन जी."

वकील न्यायाधीशबाईंकडे वळले. "मॅडम, कालची भाजी आठवत नाही. आठ महिन्यांपूर्वीचं बटण आठवतं. केंद्राध्यक्षांच्या दैनंदिनीत स्पष्ट 'निरंक' लिहिलं आहे, दोन्ही प्रतिनिधींच्या सह्या आहेत. आजींनी तिन्ही बटणं स्वतः दाबली, छत्रीला मत दिलं आणि विसरल्या. किंवा कोणीतरी त्यांना विसरायला सांगितलं."

या वेळचं हसणं वेगळं होतं. रंभाबाईला ते कळलं. तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली, मान फिरवून खोलीभर पाहिलं आणि मागच्या बाकावर तिची नजर थांबली.

"मी येडी आहो तं राहू द्या," ती म्हणाली. "ते पाहा गुरुजी बसले. त्यायले इचारा. ते आत गेले होते. मास्तर मानूस आहे, तो नाही खोटं बोलनार."

शिपायानं तिला हाताला धरून बाहेर नेलं. जाताना तिनं इस्त्रीच्या लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, चेहरा दिसू नये इतका.

"तुलाराम मंगरू रामटेके, हाजिर हो!"

बापाच्या नावासकट. गुरुजी पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली.

सेलोकर वकिलांनी आवाज मऊ केला. "सर, मतदानाच्या दिवशी सकाळी पाच वेळा प्रतिनिधी तुमच्यासोबत होते. जेवणानंतर मतदान अपूर्ण राहिलं म्हणून तुम्ही एकटे आत किती वेळा गेलात?"

"सात."

राखीचे वकील झटकन ताठ बसले. सुमनबाईनं पदरानं तोंड पुसलं, जणू लढाई संपलीच.

"मला माहीत होतं, सर. नोंद राहून गेली, होतं असं. आणि सातही वेळा तुम्ही नोटाचं बटण दाबलं. बरोबर?"

हो म्हणणं किती सोपं होतं! रंभाबाई खरी ठरली असती, सुमनबाईला न्याय मिळाला असता, गुरुजींच्या हातून फार तर नोंदीची हयगय. खोटी ठरली असती ती फक्त मशीन, आणि तिची बाजू घ्यायला तिच्याकडे कागदाचा एक चिटोराही नव्हता. सगळं गोड झालं असतं. गुरुजींनी तोंड उघडलं, आणि एवढ्या सोप्या वाटेनं आपण लगेच निघालोही होतो, हे पाहून त्यांना शिसारी आली.

"नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"छत्रीचं दाबलं. पुठ्ठा उलटा होता."

मग त्यांनी सांगितलं. भोकं, पोह्यांची प्लेट, रुमाल, सात. प्रशिक्षणातल्यासारखं क्रमानं, मुद्देसूद, कारण दुसरं कसं सांगतात ते त्यांना येत नव्हतं.

टायपिस्टचे हात थांबले. "मॅडम, 'उलटा' लिहू का 'विरुद्ध दिशेने'?"

"साक्षीदार बोलले तसं लिहा. उलटा."

सेलोकर वकील खाली बसले. त्यांची सगळी केस मशीनवर उभी होती. राखीच्या वकिलांनी दैनंदिनी उचलून गुरुजींच्या नाकासमोर धरली.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"वाचा."

"निरंक."

"मग तेव्हा खोटं बोललात की आता?"

"तेव्हा."

न्यायाधीशबाई पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी बोलल्या. "चूक झाल्याचं तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. पावणेपाचला."

"मतदान संपायच्या आधी?"

"हो."

"आणि पुठ्ठा कुठे आहे?"

"फाडून फेकला, मॅडम."

न्यायाधीशबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. गुरुजींना वाटलं, रागावतील. रागावल्या नाहीत. पुढची तारीख दिली, जबाबाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायला सांगितली आणि म्हणाल्या, "तुम्ही जाऊ शकता." कोणी ओरडलं असतं तर गुरुजींना ते सोसलं असतं.

*

बाहेर व्हरांड्यात सुमनबाई आडवी आली. तिच्या हातात तीच प्लॅस्टिकची पिशवी होती.

"आठ महिने म्या मशीनले शिव्या देल्ल्या," ती म्हणाली. "गावभर सांगत फिरली. मी तुमच्या घरी आली होती, गुरुजी."

"हो."

"तवा तुमाले माहीत होतं."

"हो."

"आनं तुमी मले चहा पाजला."

ती थांबली नाही. 

इश्वर जवळून गेला. "काय गुरुजी, आमालेबी बुडवलं न. न वाचता सही केली म्हनून आता आमची वरात." तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते.

रंभाबाई आवारातल्या कडुनिंबाच्या ओट्यावर बसली होती. पदर अजून पुढेच. बाजूला चहाची गाडी, चारपाच पक्षकार, दोन काळे कोट. गुरुजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"आजी."

"कोन?"

"मी. रामटेके गुरुजी."

"हाव, हाव. सांगतलं का त्यायले? मी खोटी नाही म्हनून?"

गुरुजी वाकून पुटपुटले.

"जोरानं बोला जी. मले ऐकू येत नाही. आतमंदी तं सगळे कसे जोरानं बोलत होते."

चहावाल्यानं गाळणी बाजूला ठेवली. गुरुजी सरळ उभे राहिले आणि वर्गात बोलायचा तो आवाज काढला. "तुम्ही खरं बोलले, आजी. एकच बटण दाबलं तुम्ही. बाकीचं मी दाबलं. चुकीचं दाबलं. आनं लपवलं."

काळ्या कोटांपैकी एकानं मान वळवली. रंभाबाईनं पदर मागे सारला.

"मंग माहं मत कोनाले गेलं?"

"राखीले."

"राखीले?"

"हो. तुमाले पुढचे दोन बटणं दाबाचं समजलं नाही, म्हनून मशीन लटकली, मंग मी—"

"कोन म्हनते नाही समजलं?"

तिनं काठी पुढे घेतली.

"राजकुमारनं घरी येऊन कागदावर मशीन काढून शिकवलं मले. तीन जागी दाबाचं, मंग वाजते. पाठ होतं." ती काठीनं जमिनीवर तीन टिंबं काढत म्हणाली. "पन राखी माही शेजारीन. आनं सुमन माह्या बहिनीची सून. दोघी आल्या पाया लागाले. म्या दोघीलेबी साफ सांगतलं, बायायहो, मी कोनालेच नाही देत, मले दोघीच्याबी घरी पानी प्याचं आहे. म्हनून एकच दाबली आनं निंगाली. जानून."

गुरुजींनी त्या तीन टिंबांकडे पाहिलं. सात जणी होत्या. बारा जणी. त्यातल्या कितींनी जाणून दाबलं नव्हतं? त्यांनी एकीलाही विचारलं नव्हतं. अनुपला 'बुढ्यायले काही समजत नाही' एवढं ऐकवलं होतं, आणि पुठ्ठा कापला होता.

"तुमी ते खालचं, कोनी नाही वालं, दाबलं असतं तं माह्या मनासारखंच झालं असतं," ती म्हणाली. "आता राखी म्हनन, बुढीनं मलेच देल्लं, वरून कोर्टात नाही म्हनाले गेली. सुमन म्हनन, बुढीनं तोंडावर गोड बोलून तिले देल्लं. मी कोनाकोनाच्या दारात जाऊन सांगू?"

"मी सांगतो त्यायले."

"कवा?"

"आजच."

"दोघीले?"

"दोघीले. आनं बाकीच्या सहा जनीले. घरी जाऊन."

"वर्गात बोलता तसं बोलान? का आता पुटपुटले तसं?"

"वर्गात बोलतो तसं."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, खालपासून वरपर्यंत, तो धुतलेला सदरा, खिशातलं शाईचं पेन. मग काठी टेकून उठली. गुरुजींनी हात पुढे केला, तो तिनं धरला नाही.

"पवनीची बस लागून राह्यली असन. चला मंग," ती म्हणाली. "पन माह्या बाजूले नका बसू."

बस अर्धी रिकामी होती. रंभाबाई खिडकीशी बसली आणि शेजारच्या सीटवर तिनं पिशवी ठेवली. गुरुजी अड्याळपर्यंत दांडा धरून उभे राहिले.